पुराच्या सूचनेत क्युसेकआधी पूल यावा

माननीय जिल्हा पालकमंत्री, बेळगाव यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा पात्राबाहेर पडू लागल्या की निपाणी व चिकोडी तालुक्यांतील गावांत सरकारी सूचना येतात. एका कचेरीची अशीच सूचना आमच्याकडे आली होती. सुरुवातीला आदेशाचा संदर्भ, मग कोयना धरण व राजापूर बंधाऱ्यातील विसर्गाचे क्युसेकमधील आकडे, आणि अगदी शेवटी, नदीकाठच्या नागरिकांनी दक्षता घ्यावी, एवढेच वाक्य.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर पाणी, हे सांगूनही नदीकाठच्या शेतकऱ्याचे काम भागत नाही. त्याला हवे असते ते एवढेच, की जत्राट-भिवशी किंवा कल्लोळ-येडूर पूल कधी पाण्याखाली जाईल, नदीवरची पाणी उपसायची मोटार आजच वर काढावी का, आणि जनावरे कुठे न्यावीत. पहिल्याच ओळीत हे असले, तर पुढचे आकडेही तो लक्ष देऊन वाचेल, कारण ते आपल्या गोठ्याशी निगडित आहेत हे त्याला कळलेले असेल.

कारण सांगण्याचेही तसेच आहे. पूल ओलांडू नये, एवढ्याने तरुण थांबत नाहीत, कारण त्यांना पाणी गुडघाभरच दिसते. पण तेवढ्या पाण्याचाही जोर मोटारसायकल ओढून नेऊ शकतो आणि खालचा रस्ता खचला असला तरी गढूळ पाण्यात तो दिसत नाही, असे लिहिले तर बरेचजण माघारी फिरतील. लोक ऐकत नाहीत ही अधिकाऱ्यांची तक्रार मला म्हणूनच अर्धीच खरी वाटते. जमिनीच्या उताऱ्याला आधार जोडण्याच्या सूचनेतही, पीक नुकसानीची भरपाई आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते, हे आधी सांगावे.

सूचना कन्नडसोबत मराठीतही मिळाव्यात ही आमची जुनी मागणी कायम आहेच, परंतु मुळातच संदिग्ध असलेला मजकूर मराठीत आणल्याने सुबोध होत नाही.

2019 च्या ऑगस्टमधील महापूर आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. तेव्हा पुढील पावसाळ्याआधी पूरसूचनेचा नमुना नव्याने तयार करावा, त्यात पुलांची व निवारा केंद्रांची नावे सर्वांत वर घ्यावीत, आणि तो मंजूर करण्यापूर्वी नदीकाठच्या दोन-चार शेतकऱ्यांना वाचायला देऊन, आता तुम्ही काय कराल, असे त्यांना विचारावे, ही विनंती.

आपला,
निपाणी तालुक्यातील एक शेतकरी