जुन्या पुण्याची वाट आखून देणाऱ्या काकांस

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाहेरगावच्या पाहुण्यांना जुनं पुणं दाखवण्यासाठी तुम्ही जो मार्ग आखून दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. आधी काय पाहायचं, नंतर काय आणि तो क्रम का, हे सगळं तुम्ही कागदावर लिहून दिलंत. इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून त्यातलं थोडं इथे मांडतो.

शनिवारवाड्यात शिरलेला नवखा माणूस हमखास विचारतो, "पण वाडा कुठाय?" समोर बाग, तट आणि दगडी चौथरे, एवढंच त्याला दिसतं. तुमची खरी मदत झाली ती इथे. पहिल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. जोती दगडाची, वरचे मजले लाकूड-विटांचे. १८२८ च्या आगीत लाकूड गेलं आणि जळू न शकणारं तेवढं मागे राहिलं. हे आधी सांगितलं की माणूस हिरमुसत नाही, जमिनीकडे बघू लागतो. म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे पाहुण्यांना हिरवळीवर न सोडता आधी जोत्याच्या कडेकडेने नेतो. जिथे तळखडे, म्हणजे खांबाच्या बुडाचे दगड दिसतात, तिथे थांबवतो. दोन तळखड्यांमधलं अंतर पावलांनी मोजायला लावलं की दालन केवढं असेल याचा अंदाज ज्याचा त्याला येतो.

वाड्याचा दिल्ली दरवाजाही घाईत ओलांडायचा नाही, हे तुमचं म्हणणं पटलं. दारावरचे खिळे हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला आहेत, कारण दार फोडायला हत्तीच आणत. आत शिरल्यावर वाट सरळ न जाता आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळते, म्हणजे शत्रू दारातून घुसला तरी त्याचा वेग तिथेच मोडतो. वर नगारखान्यात लाकडी खांब आहेत. खालच्या चौथऱ्यांवर काय उभं असेल याची पहिली खूण तिथेच मिळते.

वाड्यातल्या हजारी कारंज्यापाशी बहुतेक जण सोळा पाकळ्यांचं कमळ बघून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मात्र पाणी कुठून येत होतं ते सांगायला शिकवलंत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात नळ आणला. कात्रज उंचावर, शहर खाली, त्यामुळे पाणी आपल्या उतारानेच वाहत येई. वाटेत बांधलेल्या उच्छ्वासांमधून नळातली हवा निघून जायची आणि गाळ खाली बसायचा. पेठांमधले सदाशिव हौद, बदामी हौद, काळा हौद याच पाण्यावर भरायचे. एवढं कळलं की कोरडं कारंजंसुद्धा बघण्यासारखं होतं.

आणि शनिवारवाड्यानंतर लगेच विश्रामबागवाडा, हा क्रम तर फारच नेमका. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा १८०७ च्या सुमाराचा. जे तिथे जळालं, त्याची जात इथे उभी दिसते: सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरची महिरप, कोरीव लाकडी सज्जा. तळखडा बघून आलेला माणूस इथे खांबाच्या बुडाशी आपोआप वाकतो. मध्ये दुसरं ठिकाण घातलं की हा धागा तुटतो, म्हणून बाजीराव रोडने थेट चालत जायचं. रिक्षाच्या भानगडीत पडू नये. मध्यवस्तीतले बरेच रस्ते एकेरी आहेत, वळसे घालण्यातच वेळ जातो.

सकाळची सुरुवात मात्र शनिवारवाड्याच्याही आधी, सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून. १७५४ साली काम सुरू झालेलं हे काळ्या दगडाचं देऊळ पुष्कळ पुणेकरांनीही पाहिलेलं नसतं, याचं वाईट वाटतं. दर्शनी भिंतीवर साखळीने गेंडा बांधणारा गोरा शिपाई कोरलाय. सकाळचं तिरपं ऊन पडलं की साखळीची कडी न् कडी उठून दिसते, ऊन डोक्यावर आलं की तेच काम सपाट वाटतं. तळघरात समाधी आहे. ते एरवी बंद असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात. तिथून कसबा गणपती आणि लाल महाल. लाल महालाची आजची वास्तू महानगरपालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, हे आत जाण्याआधीच सांगावं. शाहिस्तेखानावरचा १६६३ चा छापा या जागी कसा झाला ते समजावताना भिंतींकडे बोट दाखवायचं नाही, ही तुमची सूचना आम्ही काटेकोर पाळतो.

शेवट तुळशीबागेतलं राममंदिर आणि मंडई, मग मंडईच्या मेट्रोने परत. पायात चटकन निघणारी चप्पल हवी, देवळं बरीच आहेत. उन्हाळ्यात शनिवारवाडा दहाच्या आत उरकावा, आत सावली कमी.

पर्वती याच दिवशी उरकायचा मोह होतो. १०३ पायऱ्या आहेत, पण त्या रुंद आणि उतरत्या असल्याने नेहमीचं पाऊल बसत नाही आणि आधीच चालून दमलेल्यांचे गुडघे धरतात. आगाखान पॅलेस तर पार येरवड्याकडे. कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाधीपाशी घाईने जाऊन येणं बरं नाही. तेव्हा या दोन ठिकाणांसाठी दुसऱ्या दिवसाचा कागदही तुमच्याच हातचा मिळावा, एवढं मागणं आहे.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
पाहुण्यांना पुणं दाखवणारी मंडळी