सुध्या, तुझा पाइप बरोबर होता

विजयदुर्ग, रविवार

प्रिय सुध्या,

आधी शिव्या देऊन घे. सायलीच्या लग्नाला आलो नाही, नंतर फोन नाही, तुझे दोन मेसेज वाचून तसेच ठेवले. सगळं मान्य. पण आज लिहितोय ते माफीसाठी नाही (ती पण मागतो, मध्ये कुठेतरी येईल). परवा पहाटे बोट अर्धी बुडाली, आणि का बुडाली ते मी इथे एकाही माणसाला सांगू शकत नाही.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू. हिची मान आता बरी.

तर बोट. कोजागिरीनंतर पाण्यात उतरवली, खाडीत नांगरून ठेवली, रंग नवा, शीड धुतलेलं, आबा तर जेट्टीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. परवा उजाडायच्या आत बाबल्या हाका मारत आला, "इंजिनेरा, तुजी बोट बसली रे!" जाऊन बघतो तर आत फळ्यांच्या वर वीतभर पाणी, गाद्या तरंगतायत, बिल्ज पंपाने (तळाचं पाणी उपसणाऱ्या) रात्रभर बॅटरी खाऊन मान टाकलेली. बाबल्या विचारतो, "पाणी खयसून इला?" मी म्हटलं, शाफ्टच्या ग्लँडमधून, पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथल्या सीलमधून. आबालाही तेच सांगितलं, घरी हिलाही.

सुध्या, पाणी संडासातून आलं.

हस. हसून घे. चोवीस वर्षं जहाजावर काढली, शंभर माणसांचा सीवेज प्लांट चालवला, आणि सत्तावीस फुटी बोटीच्या एका भांड्याने मला बुडवलं. झालं काय, की भांड्याची कड पाण्याच्या पातळीच्या खाली आहे. समुद्राचं पाणी आत घेणारी पाऊण इंची नळी बुडाच्या सीकॉकपासून (बोटीच्या तळातल्या तोटीपासून) पंपाकडे, पंपापासून भांड्यात. मी सीकॉक उघडा ठेवला, पंपाची दांडी पण पाणी घेण्याच्या बाजूला राहिली, आणि निघून आलो मटण-वडे खायला. पंपाच्या वायसरमधून थेंब थेंब, मग धार, एकदा सायफन लागला की भांडं भरतं, सांडतं, आणि समुद्र काय संपतो होय? म्हणून ती नळी पाण्याच्या पातळीच्या वर चांगली हातभर चढवून पुन्हा खाली आणायची, आणि त्या वाकाच्या डोक्यावर हवा घेणारी छोटी झडप. एवढंच. बोट कलली तरी तो वाक पाण्याच्या वर राहिला पाहिजे. मला माहीत होतं रे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. कपाटातून पाइप वर काढायला भोक पाडावं लागलं असतं, आणि सागवान नवीन होतं.

आता तुला 1994 आठवलं ना? मला पण तेच आठवलं, गुडघाभर पाण्यात उभा असताना.

आईसाठी तू सेप्टिक टँक बांधलास, चार इंची व्हेंट, हवेचा पाइप, छपराच्या वर नेलास, आणि मी सुट्टीवर आलो तर म्हटलं हे धुराडं कशाला अंगणात, तुळशीच्या मागे काय शोभा, आणि हॅकसॉने कापला. वर तुलाच ऐकवलं की तू बिलं वाढवायला पाइप लांब लावतोस. ते वाक्य मी बोललो होतो, ते आजपर्यंत आपण दोघांनीही काढलं नाही. मग तीन महिने माजघरात वास, आई उदबत्त्या लावतेय. तू येऊन गुपचूप पाइप जोडून गेलास, पैसे घेतले नाहीस, चहा पण नाही. ही ती माफी. आली बघ मध्ये.

बरं, पुढचं ऐक. काल वाक बसवला. कुठे? सीकॉक आणि पंपाच्या मध्ये. दांडी हलवतोय हलवतोय, फुसफुस हवा, पाण्याचा थेंब नाही. कारण त्या बाजूला पंप ओढतो, मग झडपेतून हवाच आत येणार ना! हातपंपाच्या संडासाला तो वाक पंप आणि भांड्याच्या मध्ये लागतो. चोवीस वर्षं. पुन्हा सगळं काढलं, पुन्हा लावलं. ते एकदाचं जमलं.

खरी काळजी वेगळीच आहे, टाकीची. आबा म्हणतो टाकी हवीच कशाला, दीड इंची पाइप सरळ बाहेर सोड, खाडी मोठी आहे, ट्रॉलरवरची पोरं कुठे बसतात ते आख्ख्या बंदराला दिसतं. खरंय. पण आम्ही नांगरतो तिथूनच जरा आत ओहोटीला बायका वाकून तिसऱ्या काढतात, आणि त्यातली पाटीभर सुमनकाकी दर आठवड्याला आमच्या ओट्यावर ठेवते. मी ते कालवण खाऊ कसं, तूच सांग. आबाला हे बोललो तर तो दोन दिवस बोलला नाही, मग आला आणि म्हणाला टाकी तुझ्या खर्चाने.

तर साठ लिटरची प्लॅस्टिकची टाकी घातली. स्टीलची पाहिली होती, पण मुताने वेल्डिंग खाल्लं जातं. आता हिशोब बघ. एकदा दांडी मारून सगळं जाईपर्यंत चारेक लिटर. म्हणजे पंधरा वेळा. तीन माणसं, एक दिवस, संपली टाकी. मग रिकामी कुठे करायची? आमच्या जेट्टीवर उपसून घेणारं कोणी नाही. जहाजावर मारपोलचं (जहाजांच्या प्रदूषणाचा आंतरराष्ट्रीय करार) चौथं परिशिष्ट डोक्यात बसलंय, प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पुढे, जहाज चालतं हवं, वेग निदान 4 नॉट (तासाला 4 सागरी मैल), आणि हळूहळू सोडायचा, एकदम नाही. तो नियम 400 टनांच्या वरच्या किंवा पंधरापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांना. आमच्या टोपलीला कोण विचारतंय? पण मनात बसलंय ते बसलंय. म्हणजे वारा चांगला असेल तर जायला तीन तास, यायला तीन. सहा तासांचा प्रवास, संडास रिकामा करायला! ही म्हणते, मग घरीच करून जात जा.

आणि वास. टाकीचा व्हेंट मी बारीक ठेवला, बोटीच्या अंगाला मोठं भोक नको म्हणून. हो, पुन्हा तेच. तू तेव्हा ओरडला होतास ना, घाणीला नाही रे, कोंडलेल्या घाणीला वास येतो. हवा खेळली तर जिवाणू वेगळे वाढतात, कुजका वास कमी. आता एक इंची करतोय, दोन बाजूंना दोन. वर दुसरा शहाणपणा म्हणजे मैल्याला मी शेतपंपाची हिरवी सक्शन पाइप वापरली, कणकवलीत मिळाली, स्वस्त. दोन आठवड्यांत तिच्यातून वास पाझरायला लागला. तपासायची रीत सांगतो, तुझ्या पण कामी येईल: फडकं गरम पाण्यात भिजवून पाइपवरून पुसायचं, बाजूला नेऊन हुंगायचं. मी हुंगलं आणि दुपारचं जेवण सोडलं. मैल्यासाठीची खास नळी मुंबईहून मागवलीय, मीटरचा भाव तुला सांगत नाही, तू पुन्हा बिलांचा विषय काढशील.

क्लिपा प्रत्येक टोकाला दोन. स्टीलच्या म्हणून घेतल्या होत्या त्या खिशातल्या चुंबकाला चिकटल्या, म्हणजे गंजणार, फेकल्या.

अजून एक कटकट राहिलीय. मैला ढकलताना दांडी इतकी जड जाते की दंड भरून येतो. मला वाटतं नळी लांब पडलीय, किंवा आत क्षार धरलेत, मुताने आणि खाऱ्या पाण्याने मिळून दगड होतात तसे. व्हिनेगर रात्रभर ठेवून बघितलं, फरक नाही.

तर तू ये. दोन दिवस ये. दुकान आता पिंट्या बघतोय ना, आणि तुझा गुडघा बरा असेल तर (कसा आहे? लिही). वहिनींनाही आण, ही सोलकढी करून ठेवेल. सायलीचे फोटो पाहिले, जावई उंच आहे, नाव विसरलो. आहेर घेऊन ठेवलाय, इथेच पडलाय.

टाकी भरायच्या आत ये. आणि बाबल्या भेटला तर ग्लँड म्हणायचं.

तुझा,
नंद्या

ता.क. पत्र पाकिटात घालायच्या आधी भांड्याच्या मागचा पाइप सोडवला. तोंडाशी चोचीसारखी रबरी झडप असते, मैला परत येऊ नये म्हणून, तिची चोच पाइपच्या दिशेला हवी. मी उलटी बसवली होती. आता दांडी एका बोटाने चालते. हे आबाला पण नको सांगू.