प्रत्येक सूज ॲलर्जीची नसते

माझ्या पुतणीचा वरचा ओठ दर दीड-दोन महिन्यांनी टम्म फुगायचा. खाज नाही, गांधी नाहीत. तरी सात वर्षे उपचार एकच : ॲलर्जीची गोळी, स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि ‘शेंगदाणे बंद करा’. मध्ये एकदा पोट असह्य दुखले म्हणून अपेंडिक्सही काढून झाले; ते निरोगी निघाले! अखेर एका डॉक्टरांनी विचारले, ‘घरात आणखी कुणाला असं होतं का?’ वहिनींच्या आई घसा सुजून गेल्या होत्या, ही गोष्ट तेव्हा कुठे निघाली.

मग रक्तातले सी-४ हे प्रथिन तपासले. ते कमी भरले. आनुवंशिक अँजिओएडिमात, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आणि अधूनमधून सूज आणणाऱ्या आजारात, ते बहुधा कमीच असते. पुढे सूज आवरणाऱ्या सी-१ इनहिबिटर या प्रथिनाचे प्रमाण आणि कार्य, दोन्ही पाहावे लागतात. काहींमध्ये प्रमाण ठीक असते, पण प्रथिन काम करत नाही. त्यामुळे नुसते प्रमाण पाहून ‘सगळे नॉर्मल’ म्हणणे चुकीचे. उतारवयात पहिल्यांदा सूज आली तर सी-१क्यू हे आणखी एक प्रथिनही पाहतात. तेही कमी असेल तर आजार जन्मजात नसून नंतर जडलेला असू शकतो. रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळीने येणाऱ्या सुजेत मात्र सी-४ सहसा ठीक असते. तिथे औषधांची चिठ्ठीच वाचावी. या साऱ्या प्रकारांत मुख्य कारण ॲलर्जीत सुटणारे हिस्टामिन नव्हे, ब्रॅडिकायनिन हे वेगळेच द्रव्य असते. म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या फुकट.

सी-४साठी जिल्हा रुग्णालयांतून निदान नमुना पुढे पाठवण्याची तरी सोय असावी. पुतणीच्या धाकट्या भावाचे रक्त पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे. आईकडून आलेला हा दोष त्यालाही असण्याची शक्यता निम्मी आहे.

– एक वाचक, सातारा