पाणथळीतले पाणी ओसरायलाही हवे

महोदय,

गोव्यात तळ्याचे सुशोभीकरण म्हटले की कामांची यादी ठरलेली असते. गाळ उपसून खोली वाढवायची, सभोवती चिऱ्यांची नाहीतर काँक्रीटची उभी भिंत घालायची, वर फिरायला पेव्हर्स बसवायचे आणि होड्या चालाव्यात म्हणून पाणी बारा महिने काठोकाठ ठेवायचे. एवढे सगळे करून हाती येते ती टाकी. पाणथळ जागा जगते पाण्याच्या चढउतारावर. त्यातली चढती बाजू सर्वांना दिसते, उतरती कोणी मोजत नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या पांतानालचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकांना नावातच दलदल ऐकू येईल. ब्राझील, बोलिव्हिया आणि पाराग्वाय या तीन देशांत पसरलेल्या या पाणथळीचा नुसता ब्राझीलमधला भागच सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर आहे. त्यात चाळीस गोवे मावतील. ही भूमी ताटासारखी सपाट. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतार किलोमीटरला जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. पाऊस पडतो साधारण ऑक्टोबर ते मार्च. पाराग्वाय नदीचा पूर उत्तरेत मार्चच्या सुमारास चढतो, तर कोरुंबा शहरापाशी तोच पूर मे-जूनमध्ये पोचतो, तेव्हा तिथे आकाश कोरडे असते. जमीन एक-दोन मीटर उंच असली तरी पुरात ती बेट होते. अशा उंचवट्याला तिथले लोक ‘कोर्दिल्येरा’, म्हणजे पर्वतरांग, म्हणतात! थट्टा वाटेल, पण पूर आला की गुरे, हरणे आणि माणसे त्याच पर्वतावर जातात.

पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे सुगीचे दिवस मात्र पाणी उतरू लागले की येतात. पसरलेले पाणी डबक्यांत गोळा होते, त्याबरोबर मासेही कोंडले जातात. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच तुइयुयू करकोचा याच काळात पिल्ले वाढवतो, कारण उथळ पाण्यात चोचीला मासा सहज लागतो. जाकारे या मगरीच्या भाऊबंदांची डबक्यांभोवती गर्दी होते आणि त्यांच्या मागावर बिबट्यासारखा जग्वार नदीकाठी येतो. उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत येते, ते कापीबारा हे उंदीरकुळातले मोठे प्राणी आणि गुरे दोघेही खातात. इथल्या जमिनीचा बहुतांश भाग खासगी गुरेपालकांच्या मालकीचा आहे आणि दोन शतकांहून अधिक काळ पांतानेरो गुराखी पूर चढण्याआधी गुरे उंचावर आणि ओसरल्यावर पुन्हा खाली नेत आले आहेत. हे वेळापत्रक पाळूनच वन्यजीव आणि गुरे एकाच कुरणात राहिले. माशांचेही तसेच: पावसाच्या सुरुवातीला ते प्रवाहाविरुद्ध चढतात, म्हणून ब्राझीलमध्ये साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. आपल्याकडे पहिल्या पावसात शेतात शिरणारे गाबोळीने भरलेले चढणीचे मासे टोपलीभर पकडण्यात अजून पुरुषार्थ मानला जातो.

हा ताल चुकला की काय होते, तेही पांतानालने दाखवले आहे. २०२०मध्ये पूर नीट आलाच नाही. जिथे पाणी असायचे तिथे वाळलेले गवत आणि जमिनीखाली वनस्पतींचा कुजका थर उरला. वरची ज्वाळा विझवली तरी त्या थरात आग धुमसत राहते आणि दूर कुठेतरी पुन्हा वर येते. ब्राझीलच्या हिश्शातला पाव भागाहून अधिक प्रदेश जळला. अभ्यासकांच्या अंदाजाने १ कोटी ७० लाखांच्या आसपास पृष्ठवंशीय प्राणी मेले. निळा हायसिंथ मकाव पोपट प्रामुख्याने मांदुवी नावाच्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो आणि तशी ढोली धरायला झाडाला साठेक वर्षे लागतात. ते जळाले तर पक्ष्याच्या पुढच्या पिढ्या बेघर.

उलटे उदाहरण पांतानालमधल्याच ताकुआरी नदीचे. तिच्या उगमाकडच्या वालुकामय पठारावर १९७०च्या दशकापासून कुरणे आणि सोयाबीनची शेते वाढली, माती वाहून पात्रात साचली, काठ फुटले. पाणी शेतांत शिरले ते कायमचेच. तिथल्या अनेक कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या. पाणी भरपूर असूनही पाणथळ बिघडली, कारण ओसरणे थांबले. खाणपट्ट्याखालच्या शेतांत गाळ साचलेला पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपले खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, पाहा. सुमारे १८,००० हेक्टर खाजन म्हणजे भरती-ओहोटीचे हाताने बांधलेले वेळापत्रक आहे. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. पहिल्या पावसात खार धुऊन निघतो, मग कोरगूट हे खार सोसणारे भात पेरतात. बिघाड बहुतेक वेळा मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव झाल्यानंतर सुरू होतो. जाळे ओहोटीला लावायचे असते. जास्त कोळंबी आत यावी म्हणून ठेकेदार भरतीलाच दारे वर अडकवून ठेवतात. खारे पाणी शेतात चढते, दाराच्या पायथ्याची माती खरवडली जाते आणि बांध फुटतो. दोन-तीन वर्षे शेत पडीक राहिले की त्यात खारफुटी उगवते, मग कायद्याने ती तोडता येत नाही आणि शेतकरी कायमचा बाहेर. २०१७च्या पाणथळ नियमांत भातशेतीला पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले आहे, हे या गोष्टीला वरून मीठ. फोंड्यातल्या खाजनकाठच्या गावांत पौष अमावस्येला चिखलाची मगर घडवून ‘मानगे थापणी’ करणाऱ्यांना बांध, पाणी आणि मगर यांचा संबंध पाठ आहे.

गोड्या तळ्यांत आणखी एक दुखणे आहे: जलपर्णी. ती मूळची दक्षिण अमेरिकेचीच. पांतानालमध्ये तिच्यावर जगणारे भुंगेरे आहेत. पूर तिचे ताटवे वाहून नेतो आणि पाणी ओसरले की उरलेली वाळते. आपल्या सांडपाणी मिळणाऱ्या, हलत नसलेल्या तळ्यात ती अनुकूल दिवसांत दोन आठवड्यांत दुप्पट होते. यंत्राने काढून काठावर टाकली तर पहिल्या पावसात परत आत. ती काठापासून दूर नेऊन पूर्ण वाळवावी लागते, आणि फुलण्याआधी काढावी लागते, कारण बी गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरते. तळे आटवून पुन्हा भरले तर पहिल्या काही आठवड्यांत रोपे उगवतात. तेव्हा हाताने उपटणे सर्वांत स्वस्त. सांडपाण्याचा नाला न वळवता केलेली सफाई म्हणजे दरवर्षीचा ठेका.

गाळ काढायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये, एका वेळी तळ्याच्या एकाच बाजूला, आणि तळाची चिकणमाती न फोडता. ती फुटली की पाणी झिरपून जाते. काठ दहा मीटरला एक मीटर अशा उताराचा असावा. तुतवारासारख्या लहान पक्ष्यांना पाच सेंटीमीटर पाणी पुष्कळ, करकोच्यांना गुडघाभर, तलवार बदकांना थोडे अधिक; उभ्या भिंतीच्या तळ्यात यातली एकही पायरी राहत नाही. कमळपक्ष्याला तरंगती पाने लागतात, होड्या तीच फाडतात. कुडचड्याचे ४२ हेक्टरचे नंदा तळे २०२२मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. तिथे आधी ठरवायला हवे ते पाणी कोणत्या महिन्यात किती असावे.

त्यासाठी निदान एक पट्टी लागेल. कोरुंबाशेजारच्या लादारियो बंदरात १९००पासून पाराग्वाय नदीची पातळी रोज लिहिली जाते. म्हणूनच १९६४चा नीचांक ऑक्टोबर २०२४मध्ये मोडल्याचे तिथे छातीठोकपणे सांगता आले. आपल्या प्रत्येक तळ्यात आणि मानशीजवळच्या मोठ्या पोंयीत (खोल डोहात) सेंटीमीटरच्या खुणांचा एक खांब रोवावा, दर पंधरवड्याला आकडा पंचायतीच्या किंवा खाजन सांभाळणाऱ्या कूळ संघाच्या फळ्यावर लिहावा आणि सुशोभीकरणाच्या निविदेला मागच्या तीन वर्षांचे आकडे जोडणे सक्तीचे करावे.

— काही पक्षीनिरीक्षक, फोंडा