घरटॅक्सचा हिशेब नोटिशीसोबत द्या : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

पत्राचा विषय मालमत्ता कर आहे, पण यात कर माफ करा अशी विनंती नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपल्या कार्यालयात हे पत्र सवलतीच्या निवेदनांच्या गठ्ठ्यात जाणार नाही. मी मागतो आहे तो एक कागद. घराचे करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कराची टक्केवारी लावतात ती रक्कम) नव्याने ठरले किंवा वाढले की महापालिका घरमालकाला विशेष नोटीस देते. त्या नोटिशीसोबत ते मूल्य कसे काढले याचा पूर्ण हिशेब जोडणे कायद्याने बंधनकारक करा.

मी नागपुरात एका बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहतो. दिवसभर मंजूर नकाशे, क्षेत्रफळ आणि मूल्यांकनाचे अहवाल हाताखालून जातात. त्यामुळे संध्याकाळी शेजारीपाजारी घरटॅक्सची डिमांड, म्हणजे मागणीचे बिल, घेऊन दारात येतात. विचारतात एवढेच, की एवढा टॅक्स कसा काय आला. हातातल्या कागदावर इंडेक्स नंबर असतो, मालकाचे नाव असते, थकबाकी असते, भरायची रक्कम असते. मूल्य कुठून आले ते त्यावरून मलाही सांगता येत नाही.

खरे तर हिशेब अवघड नाही. वार्षिक भाडेमूल्याची पद्धत सातवी शिकलेल्या माणसाला समजावी इतकी सरळ आहे. बांधकामाचे क्षेत्रफळ घ्यायचे, त्याला दरमहाच्या दराने आणि मग बाराने गुणायचे. दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य आणि त्यावर कराची टक्केवारी. समजा, घर ८० चौरस मीटर आहे आणि दर चौरस मीटरला महिना १० रुपये धरला. वर्षाचे भाडेमूल्य ९,६०० रुपये झाले, ९६० वजा गेले, करयोग्य मूल्य ८,६४०. (दर मी गणिताच्या सोयीसाठी घेतला आहे. खरा दर वस्ती, रस्ता, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांवरून बदलतो.) आता त्याच घराचे क्षेत्रफळ चुकून १०४ लिहिले गेले, तर करयोग्य मूल्य ११,२३२ होते. ते पुढच्या फेरआकारणीपर्यंत दरवर्षी तसेच राहते.

१०४ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आमच्या भागातल्या एका काकूंच्या घराची ही गोष्ट आहे. पुढे पोर्च, मध्ये स्लॅबच्या खोल्या, मागे अंगणात टिनाचे शेड. शेड सहा मीटर बाय चार मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर. तीन बाजूंनी उघडे आहे. पावसाळ्यात त्याच्याखाली कूलर झाकून ठेवतात, एरवी सायकल, जुना पलंग आणि सरपण. मोजणीच्या तक्त्यात या शेडला भिंती फुटल्या आणि वर स्लॅब पडला. सगळे १०४ चौरस मीटर आरसीसी. शिवाय पुढच्या खोलीत भाडेकरू दाखवला. तो होता काकूंच्या बहिणीचा मुलगा, इथे कॉलेजला आलेला. काकूंचे म्हणणे असे : "पोरगा शिकाले आला जी माह्याकडे, त्याले भाडेकरू करून टाकलं. अन् भाडं कोन देते, तेई सांगून द्या आता."

स्वतः राहण्याचा भाग आणि भाड्याने दिलेला भाग यांची आकारणी वेगळी होते, हे आपण जाणताच. म्हणजे एका तक्त्यात दोन चुका होत्या आणि दोन्हींचा भार बिलावर पडला.

आता मुद्द्याचे सांगतो. या चुका नोटिशीवरून कळल्या नाहीत. नोटिशीत फक्त वाढलेले मूल्य होते. मोजणीचा तक्ता मिळाला तो माहितीच्या अधिकारात अर्ज टाकल्यावर. दहा रुपयांचे शुल्क, कायद्याने दिलेली तीस दिवसांची मुदत, आणि उत्तर त्या मुदतीत आले. कुणी टाळाटाळ केली नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. फक्त तोवर नोटिशीवर हरकत घ्यायची मुदत संपलेली होती, कारण ती महिन्याहून कमी असते. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि काकूंचा हक्क मधल्यामध्ये गेला. म्हणूनच हे पत्र कुठल्या बाबूविरुद्ध नाही. ही गोष्ट नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावरची आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूचीतले कराधान नियम मी वाचले आहेत. आकारणी पुस्तक, म्हणजे घरांच्या करयोग्य मूल्यांची महापालिकेतली नोंदवही, विनाशुल्क पाहण्याचा आणि आपल्या घरापुरता उतारा घेण्याचा हक्क त्यांत आहे. विशेष नोटीस देण्याचे बंधन आहे, लेखी हरकतीची सोय आहे, सुनावणीची तारीख कळवण्याची तरतूद आहे. लिहिणाऱ्याने नागरिकाचा विचार केला होता हे दिसते. अडचण एवढीच, की पुस्तकात शेवटचे मूल्य असते. ते कुठल्या मापांवरून, कुठल्या दराने, कुठला वापर धरून आले हे पुस्तकात असलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि नोटिशीत तर नाहीच. शिवाय हरकत घेणाऱ्याने आपली कारणे लेखी द्यायची असतात. हिशेबच दिसला नाही तर कारण काय लिहिणार? बहुतेक लोक मग 'कर जास्त वाटतो, कृपया कमी करावा' असे लिहितात आणि असा अर्ज फेटाळला गेला तर मी अधिकाऱ्याला दोष देणार नाही. किराणा दुकानदारसुद्धा बिलात वजन आणि भाव वेगवेगळे लिहितो, म्हणून तर गिऱ्हाईक दाण्याच्या किलोवरून भांडू शकते.

पुढची पायरी आणखी उंच आहे. आयुक्तांकडची हरकत फेटाळली गेली तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी मुदत पंधरा दिवसांची. त्याआधी हरकत घेतलेली आणि निकाली निघालेली असावी लागते, आणि वादातली कराची रक्कम आधी भरावी लागते. दुकानांच्या गाळ्यांचे मालक किंवा मंगल कार्यालयवाले वकील लावून हे करतात. दोन-तीन हजारांच्या फरकासाठी पेन्शनवरचा माणूस न्यायालयाची पायरी चढणार नाही. तो भरून मोकळा होतो किंवा रागाने भरतच नाही. न भरणारा दरमहा दोन टक्के शास्तीत, म्हणजे दंडात, सापडतो, रक्कम फुगत जाते आणि मग शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहणे सुरू होते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच सल्ला देतो : हरकत राखून पैसे भरा, आणि हरकतीच्या अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. निदान शास्ती तरी लागत नाही.

गंमत अशी की नागपूरहून लहान गावांची सोय या बाबतीत अधिक बरी आहे. कामठी, काटोल, उमरेड इथे नगरपरिषदा आहेत. त्यांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे आणि त्यात कराच्या अपिलासाठी स्वतंत्र अपील समितीची तरतूद आहे. महानगरात मात्र ज्या यंत्रणेने मूल्य ठरवले तिच्याकडेच पहिली हरकत आणि त्यानंतर थेट न्यायालय. कामठीच्या घरमालकाला मिळणारी मधली पायरी नागपूरच्या घरमालकाला का नसावी, याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडले नाही.

महापालिकेला पैसा लागतो हे मी नाकारत नाही. जकात गेली. २०१३ मध्ये नागपुरात एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेच्या हातात स्वतःचे असे मोठे उत्पन्न मालमत्ता कराचेच उरले आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराच्या किमान दराची अट जोडली. म्हणजे वसुलीचा दट्ट्या वरून आहे आणि तो पुढेही राहील. नेमक्या अशा वेळी आकारणी जास्त स्वच्छ असायला हवी. टॅक्स वाढला म्हणून लोक तितके चिडत नाहीत, जितके 'यांनी काहीतरी लावलं' या भावनेने चिडतात. ज्याला आपल्या घराचे माप आणि दर छापील दिसतो तो भले कुरकुरेल, पण भरेल. बँकेत मी हे रोज पाहतो. हप्ता जास्त बसला तरी ज्या कर्जदाराकडे व्याजाचा तक्ता असतो तो भांडायला येत नाही.

दुसऱ्या शहरांत राज्य सरकारने लक्ष घातल्याची उदाहरणे आहेत. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करात सूट मिळाली. पुण्यात १९७० पासून स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्क्यांची सवलत काढून घेतली गेली होती, ती २०२३ मध्ये परत आली. नागपूरलाही तसेच द्या असे म्हणण्याचा मोह होतो. पण मी तो आवरतो, कारण माप चुकीचे असेल तर सवलतही चुकीच्या मापावर मोजली जाते. पाचशे फुटांचे घर कागदावर सहाशेचे झाले की सूट गेलीच.

म्हणून करायचे ते छोटे आहे आणि आपल्या अखत्यारीतले आहे. विशेष नोटिशीचा नमुना बदला. तिच्यावर मजल्यागणिक क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर, स्वतः राहता की भाड्याने, लावलेला दर आणि दहा टक्क्यांची वजावट एवढे रकाने येऊ द्या. मोजणीचे कच्चे रेखाचित्र मागच्या बाजूला छापले तर उत्तमच. संगणकात ही माहिती भरल्याशिवाय मूल्य निघतच नाही, तेव्हा फक्त ती छापायची आहे. हिशेब जोडला नसेल तर हरकतीची मुदत सुरूच होऊ नये, हे एक वाक्य नियमात हवे. हे वाक्य नसेल तर बाकीचे सगळे रकाने रिकामे जाण्याची शक्यता मला जास्त दिसते. सुनावणीनंतर काय ठरले आणि का ठरले हे लेखी मिळावे आणि अपिलाचे पंधरा दिवस तो कागद हातात पडल्यापासून मोजावेत. आणि नगरपरिषदांसारखी अपील समिती महानगरांतही आणायची तर कायद्यात दुरुस्ती लागेल, ती आपणच मांडू शकता.

१९५३ च्या नागपूर करारामुळे सरकार हिवाळी अधिवेशनासाठी आमच्या शहरात येते. डिसेंबरमध्ये यशवंत स्टेडियमपासून टेकडी रोडपर्यंत मोर्चे निघतात. क्षेत्रफळाच्या रकान्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, मीही काढणार नाही. पण अधिवेशनाच्या काळात आपण विधानभवनात असाल तेव्हा अर्ध्या तासाची वेळ मिळाली, तर ८० चौरस मीटरचा खरा नकाशा आणि १०४ चौरस मीटरचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतील. काकू यायला तयार आहेत. फक्त शेडचा फोटो घेऊन ये म्हणाल्या, कारण साहेबांना टिन आणि स्लॅब यांतला फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे.

आपला,
नागपूरचा एक करदाता