एकाच इमारतीत दोन सरकारं: उच्च शिक्षणमंत्र्यांना एका बापाचं खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो. परवा माझ्या मुलीचा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश झाला. येताना पेढे घ्यायचं ठरलं होतं, पण आम्ही बाप-लेक तसेच घरी आलो. तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये दोन प्रमाणपत्रं होती. अकरावी-बारावीत तिने एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन, १२ आठवड्यांचे दोन कोर्स पूर्ण केले, त्यातला एक पायथन या संगणकाच्या भाषेचा. अशा कोर्सला प्रत्येकी ३ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, धरतात. कार्यालयातल्या बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "हे प्रवेशाच्या आधीचं आहे, चालत नाही," एवढंच म्हणाल्या. आता पहिल्या सत्रात तिला तेच पायथन पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकायचं आहे.

त्या दोन कागदांमागे काय आहे ते आपल्याला कळावं म्हणून सांगतो. दर आठवड्याची असाइनमेंट ठरलेल्या तारखेच्या आत टाकावी लागते. घरी कॉम्प्युटर नाही. रात्री नऊला गिऱ्हाईक संपलं की ती दुकानात माझ्या कॉम्प्युटरवर बसायची आणि मी शटर अर्धं ओढून बाहेर स्टुलावर. लाइट गेली की मोबाइलवरून. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, एका कोर्सचे १००० रुपये. आमचं केंद्र आलं संभाजीनगरला. पहाटेच्या एसटीने निघालो, वाटेत गाडी बंद पडली, पुढचा रस्ता भाजीच्या टेम्पोतून काढला. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळाले तरच पास. तिला पायथनला एकूण ७८ पडले. बारावीच्या वर्षात हे कशाला, असं तिची आजी, मामा, शेजारी सगळे म्हणत होते. मीच मागे लागलो होतो, साहेब. आणि परवापासून ती माझ्याशी धड बोलत नाही.

मी मागे लागलो ते सरकारच्या भरवशावर. २९ जुलै २०२० ला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झालं. २०२१ मध्ये मिळवलेले श्रेयांक मुलांच्या खात्यात जमा ठेवणारी श्रेयांकांची बँक आली. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. शाळेतही ३० तासांच्या शिकण्याला १ श्रेयांक, वर्षाला १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, बारावीची पातळी ४, पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५ आणि पीएच.डी.ची ८. शाळेपासून वरपर्यंत एकच जिना, असं मी ते वाचलं. मुलीच्या ६ श्रेयांकांचे याच हिशेबाने १८० तास होतात. पहिल्या वर्षाला ४४ श्रेयांक धरले तर जवळजवळ सातवा हिस्सा. अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून पालक माझ्याकडे धावत येतात. कॉलेजच्या मुलांचे श्रेयांक बँकेचे आयडी मी डिजिलॉकरवरून काढून देतो. माझ्या वहीत अशी सहाशेच्या वर नावं आहेत. त्यातल्या कितीतरी जणांना मी म्हणालो असेन, "पोराने शिकलेलं वाया जायचं नाही, खात्यात जमा होईल." आता त्या लोकांना मी काय सांगू?

आणखी एक ऐका. एनपीटीईएलचे कोर्स ज्या सरकारी पोर्टलवर असतात, त्या स्वयमवरचे कोर्स पदवीला प्रवेश घेतल्यानंतर केले तर एका सत्रातल्या कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत धरता येतात, हा यूजीसीचाच २०२१ चा नियम आहे. म्हणजे तोच कोर्स, तीच परीक्षा, तेच गुण. प्रमाणपत्रावरची तारीख प्रवेशाच्या आधीची आहे, एवढाच तिचा गुन्हा.

आणि ही मुलगी अकरावी-बारावी शिकली कुठे? त्याच कॉलेजात! तळमजल्यावर कनिष्ठ महाविद्यालय, पहिल्या मजल्यावर पदवीचे वर्ग. तेच गेट, तेच ग्रंथालय, तेच प्राचार्य. आयकार्डावर दोन वर्षं 'महाविद्यालय' असंच छापलेलं होतं. पण तळमजला शालेय शिक्षण विभागाचा आणि पहिला मजला तुमचा. जिन्याच्या वीस पायऱ्या चढेपर्यंत पोरीची दोन वर्षांची मेहनत गायब होते. दोन विभागांचे सचिव एका टेबलाशी बसू शकत नाहीत, त्याचा भुर्दंड माझ्या लेकराने का भरायचा?

हे अशक्य आहे असं म्हणू नका. आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो तुमच्याच विभागात. आधी शिकलेलं धरायची रीत तुमच्या घरात आहेच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९८५ पासून शाळकरी मुलं कॉलेजात जाऊन श्रेयांक मिळवतात आणि पैसे राज्य भरतं. टेक्सासमध्ये तर शाळेत असतानाच कॉलेजचे किमान १२ श्रेयांक मिळवण्याची संधी मुलांना द्यावी असा कायदाच आहे. माझ्या मुलीला अमेरिकेतलं काही नको. स्वतः कमावलेले ६ हवेत.

तुमच्या राज्यात काय चालतं ते गावातल्या पोरासोरांना माहीत आहे. अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये, लातूरला नाहीतर कोट्याला. दोन वर्षं वर्गाचं तोंड न पाहता त्यांची हजेरी पूर्ण भरते. न शिकलेल्याची हजेरी चालते आणि शिकलेलीचं प्रमाणपत्र चालत नाही, हा कुठला न्याय? २०२५ च्या मे महिन्यात सरकारने अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केले आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं. माझ्या दुकानासमोर उन्हात पोरं आणि त्यांचे आईबाप उभे होते, शिव्या मी खाल्ल्या. घोषणा मुंबईत होते, रांग आमच्या दारात लागते. गेली कित्येक वर्षं मी तुमच्या प्रत्येक पोर्टलचा हमाल झालो आहे. फॉर्म भरून घ्यायला तुम्ही कधी दमत नाही. भरलेल्या फॉर्मचं पुढे काय झालं, ते विचारलं की खिडकी बंद.

माझं मागणं छोटं आहे. अकरावी-बारावीत केलेले एनपीटीईएल-स्वयमचे कोर्स पदवीला धरायचे की नाही, याचा शासन निर्णय दोन्ही विभागांच्या सहीने काढा. नाही म्हणायचं असेल तर तेही लिहून द्या. आणि कॉलेजने श्रेयांक नाकारला तर कारण कागदावर द्यावं, खिडकीतून तोंडी नको. माझा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे, पोच घेतली आहे, तिची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवतो आहे.

आपला,
एक पालक

ता.क. धाकटा मुलगा यंदा अकरावीत आहे. त्यानेही बहिणीसारखाच १२ आठवड्यांचा कोर्स सुरू केला आहे आणि परीक्षेच्या नोंदणीची मुदत जवळ आली आहे. त्याचे १००० रुपये भरू की नको, निदान तेवढं तरी कळवा.