आम्ही कुणाचे, हे शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सलाम.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून बायबलात घालून ठेवलं असतं आणि कुणापाशी त्याचा उच्चारही केला नसता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव मात्र कुणाचंच लिहीत नाही. तुमचं नाही, आपल्या चर्चच्या मंडळीचं नाही, आणि ज्यांच्यामागे माणसं दोन बाजूंना उभी राहिली त्यांचं तर नाहीच. नगर जिल्ह्यात काय, मराठवाड्यात काय, पुण्या-मुंबईत काय, हीच कहाणी वेगवेगळ्या नावांनी घडलेली लोकांनी पाहिली आहे. वाचणाऱ्याला आपापली नावं आपोआप आठवतील.

भांडण बदलीच्या पत्रावरून सुरू झालं. काही घरांनी पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, बदली मानली, काहींनी मानली नाही. मग कमिटीची निवडणूक, मग दानाचा हिशेब, मग मिशन कंपाउंडातल्या जागेचा प्रश्न. वर्ष सरायच्या आत एकाच चर्चमध्ये सकाळी एका गटाची उपासना आणि ती संपली की दुसऱ्या गटाची, असं सुरू झालं. ईस्टरला दारात पोलीस बंदोबस्त होता. लग्नपत्रिकेवर कोणत्या पाळकांचं नाव छापायचं यावरून ठरलेल्या सोयरिकी अडल्या. माझे वडील एका बाजूला आणि सासरे दुसऱ्या. माहेरी गेले की पहिला प्रश्न, तू कुणाची? सासरी आले की तोच प्रश्न. भाजी घ्यायला थांबले तरी मंडळीतली कुणीतरी बाई हळूच तेच विचारायची.

त्या दिवसांत तुम्ही आम्हा बायकांना बुधवारी संध्याकाळी घरी बोलावलंत. दोन्हीकडच्यांना. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं, बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र सुरुवातीपासून वाचायचं ठरलं आणि अट एकच होती: चालू वादातल्या कुणाचं नाव इथे घ्यायचं नाही, पौलाने ज्यांची नावं घेतली आहेत तेवढीच घ्यायची. पहिल्या दिवशी फार कुणी आलं नव्हतं. आलेल्याही भिंतीला टेकून, एकमेकींपासून लांब बसल्या होत्या.

तुम्ही आधी ग्रीसमधलं करिंथ आमच्या डोळ्यांपुढे उभं केलंत. दोन समुद्रांच्या मधलं, दोन्हीकडे बंदर असलेलं, पैशाचं आणि वक्त्यांचं शहर. पौल तिथे दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरत. त्यानंतर आलेला अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात पारंगत, बोलण्यात पटाईत. पौल इफिसात असताना ख्लोवेच्या माणसांनी बातमी आणली, की तुमच्या मंडळीत तट पडलेत. कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. तेवढं वाचून तुम्ही पुस्तक मिटलंत आणि आम्हाला विचारलंत, "तुमचा बाप्तिस्मा कुणी केला, आठवतं का?"

कुणी आठवून आठवून एक नाव सांगितलं. कुणी म्हणालं, आईला विचारावं लागेल. निम्म्याजणींना ठाऊकच नव्हतं.

"बरं, कुणाच्या नावाने झाला?"

सगळ्याजणी एकदम बोलल्या, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. दोन्ही गटांच्या बायका किती तरी महिन्यांनी एका सुरात काही बोलल्या होत्या. मग तुम्ही पुढच्या ओळी वाचल्यात. पौल देवाचे आभार मानतो की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचे सोडले तर आपण तिथे कुणाचा बाप्तिस्मा केल्याचं आठवत नाही. माझ्या नावाने तुमचा बाप्तिस्मा झाला असं कुणी म्हणू नये म्हणून. एवढ्या मोठ्या मंडळीचा पाया घालणारा माणूस आपल्या हातून फारसे बाप्तिस्मे झाले नाहीत याचा आनंद मानतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण तो आनंद कशाचा होता ते त्या संध्याकाळी कळलं.

तिसरा अध्याय झाला त्या बुधवारी तुम्ही जे दाखवलंत, त्यासाठी हे अख्खं पत्र आहे असं समजा. करिंथकर म्हणत होते, आम्ही पौलाचे, आम्ही अपुल्लोसाचे. पौल ते उलटं करतो. पौल, अपुल्लोस, केफा, सगळे तुमचे, आणि तुम्ही ख्रिस्ताचे. तुम्ही म्हणालात, "पोरींनो, आपण पाळकांच्या नाही. पाळक आपले आहेत. देवाने दिलेले सगळेच आपले. एकाच्या होऊन बसलात तर बाकीच्यांना स्वतःच्या हाताने घालवून बसाल." माझ्या सासऱ्यांना जे पाळक नकोसे होते, त्यांनीच माझ्या आईच्या आजारपणात रात्री येऊन प्रार्थना केली होती. आणि वडील ज्यांच्यावर चिडले होते त्यांच्या उपदेशाने माझा धाकटा भाऊ दारूपासून सुटला होता. दोघंही मला देवाकडून मिळाले होते. एकाला निवडा असं मला सांगितलं जात होतं, आणि तुम्ही सांगितलंत की निवडायचं काही कारणच नाही, कारण निवड कधीच झाली आहे.

त्यावर एकीने उत्साहाने म्हटलं, "म्हणजे आम्ही ना यांच्या ना त्यांच्या, आम्ही ख्रिस्ताच्याच." तुम्ही तिला मायेने थांबवलंत. पहिल्या अध्यायातली यादी पुन्हा काढलीत आणि तिच्या शेवटी बोट ठेवलंत. "मी ख्रिस्ताचा" म्हणणारेही पौलाने त्याच यादीत घातलेत. दुसऱ्यांना कमी लेखायला ख्रिस्ताचं नाव घेतलं की तोही चौथा गट होतो, असं तुम्ही म्हणालात. मला वाटतं हे वाक्य प्रत्येक फुटलेल्या मंडळीत वाचून दाखवायला हवं. फुटून बाहेर पडणारी बहुतेक माणसं "आम्ही फक्त प्रभूला मानतो" म्हणतच बाहेर पडतात.

पत्राच्या अगदी शेवटी, जिथे निरोप-नमस्कार असतात म्हणून आम्ही भरभर वाचत होतो, तिथेही तुम्ही थांबलात. पौल लिहितो, बंधू अपुल्लोसाला मी तुमच्याकडे यायची फार विनंती केली, पण सध्या यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. ज्याच्या नावाने आपल्याविरुद्ध तट उभा राहिला त्यालाच पौल तिथे जायची गळ घालतो, त्याला बंधू म्हणतो. आणि अपुल्लोस जात नाही. का, ते पौलाने लिहिलेलं नाही. तुमचा अंदाज असा होता, की आपण गेलो तर आपल्या नावाचा गट आणखी फुगेल हे त्याने ओळखलं असावं. भांडण त्या दोघांत नव्हतं, त्यांच्या मागच्यांत होतं. त्या रात्री मी घरी जाऊन वडिलांना ती एक ओळ वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण बायबल मागून घेतलं.

ख्रिस्ताशी निष्ठा म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं, असा अर्थ काहींनी तुमच्या बोलण्यातून काढला, तेव्हा तुम्ही तो अगदी स्पष्ट खोडून काढलात. वार्षिक सभेत उभं राहून मंडळीचा हिशेब वाचून दाखवायची मागणी करणाऱ्या तुम्हीच होतात. प्रभूच्या पैशाचा हिशेब प्रभूच्या लोकांना कळला पाहिजे, एवढंच म्हणालात आणि बसलात. पाळकसाहेबांना जे सांगायचं ते त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या पत्नीसमोर, आदराने सांगितलंत. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला, पाठीमागे नाही, हे तुमचं आवडतं उदाहरण. दावा लावायला निघालेल्यांना सहावा अध्याय वाचून दाखवलात. भाऊ भावाला कोर्टात खेचतो आणि तेही बाहेरच्यांपुढे, याची पौलाला केवढी लाज वाटते ते. तुमचं दोन्हीकडच्यांनी पूर्ण ऐकलं नाही. दोन्हीकडच्यांनी तुम्हाला काही दिवस नावंही ठेवली. तुम्ही दोन्हीकडे जात राहिलात.

दुसऱ्या गटातल्या एक आजी वारल्या तेव्हाची गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून मी लिहिते. पेटी आणि तबला वाजवणारी मुलं पहिल्या गटातली. त्यांना घरून ताकीद होती. तुम्ही त्यांच्या दारात गेलात. वाद घातला नाहीत, करिंथकरांसचा दाखलाही दिला नाहीत. "आजींना गाणी म्हणत न्यायचंय. चला," एवढंच. मुलं पेटी-तबला घेऊन निघाली. दफनभूमीपर्यंत सगळे गात गेले, आणि परत येताना ज्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं अशी माणसं एकमेकांच्या गाडीवर बसून आली.

तुमच्याकडे जुन्या काळाच्या आठवणींचा साठा आहे, तोही आमच्या उपयोगी पडला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला, आणि १८७० च्या दशकात इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं एस.पी.जी. मिशन आलं. माणसं "आम्ही अमेरिकन मिशनचे", "आम्ही एस.पी.जी.चे" असं जन्मभर म्हणत राहिली. लग्नं जुळवतानासुद्धा ते विचारलं जायचं. माझे आजोबा एका मिशनचे आणि आजी दुसऱ्या, त्यामुळे मला ते घरातूनच ठाऊक होतं. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तुम्ही तेव्हा नुकत्या शिक्षिका झाला होतात. ज्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्या मिशनच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, त्यांना एकाच मेजावरचं प्रभुभोजन घेताना तुम्ही पाहिलंत. "एवढी वर्षं लागली एक व्हायला, आणि तुम्ही एका बदलीच्या पत्रावरून दोन होता?" हे तुम्ही सभेत विचारलंत तेव्हा पुढच्या बाकावरच्या मोठ्या माणसांनी माना खाली घातल्या.

पंडिता रमाबाईही तुम्ही आमच्यापर्यंत आणल्यात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी कुणाही धर्मपुढाऱ्याचं म्हणणं स्वतः बायबल वाचून तपासल्याशिवाय मानलं नाही. वाँटेजच्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डिनना त्या आजीबाई म्हणत, त्यांच्याशीही पत्रांतून सडेतोड वाद घातला, पण माया सोडली नाही. पुढे केडगावला सबंध बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणायचं काम त्यांनी हाती घेतलं आणि शेवटपर्यंत केलं. पुढाऱ्याचं म्हणणं ताडून बघायचं तर ख्रिस्ताचं वचन आपल्याला स्वतः वाचता आलं पाहिजे, हे तुम्ही त्यांच्यावरून सांगितलंत. आमच्यातल्या दोघी-तिघी अक्षर लावत लावत वाचतात. तुम्ही त्यांच्याकडूनही एक-एक वचन वाचून घेतलंत आणि कितीही वेळ लागला तरी मध्ये कुणाला बोलू दिलं नाहीत.

आणि रोमच्या मंडळीतल्या क्लेमेंटचं पत्र. पौलानंतर चाळीसेक वर्षांनी, इ.स. ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीकडून त्याच करिंथला पुन्हा लिहावं लागलं, कारण तिथल्या मंडळीच्या वडीलजनांना कारण नसताना काढून टाकलं होतं. त्यात त्यांना पौलाच्या पत्राची आठवण करून दिली आहे. तेव्हा तुम्ही निदान प्रेषितांवरून तट पाडलेत, आता एक-दोन माणसांवरून पाडताय, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. हे ऐकून मला आधी फार वाईट वाटलं. प्रत्यक्ष पौलाचं पत्र हातात असून माणसं पुन्हा तिथेच गेली. तुम्हाला त्यातून धीर मिळत होता. दोन वेळा फुटलेल्या मंडळीलाही कुणीतरी पुन्हा पत्र लिहिलं, तिला टाकून दिलं नाही, असं तुम्ही म्हणालात. माझ्या मनात अजून दोन्ही आहे, वाईट वाटणंही आणि तो धीरही.

आपली मंडळी अजून एक झालेली नाही. दावा चालू आहे. रविवारी अजून दोन उपासना होतात आणि कमिटीच्या बैठकीत आवाज चढतात. पण गेल्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना एकत्र झाली. चार उद्गार एका बाजूच्या माणसांनी सांगितले, तीन दुसऱ्या बाजूच्या, आणि कोणते कुणाचे यावरून कुणी भांडलं नाही. माझे वडील आणि सासरे एका बाकावर बसले होते. ते मला तुमच्याशिवाय दिसलं नसतं. बाई, त्यासाठी मी आणि आमचं अख्खं घर तुमचे मनापासून आभार मानतो. ज्यांनी तुम्हाला नावं ठेवली त्यांच्यातल्याही काहींनी मला सांगितलंय की पत्रात आमचेही आभार लिही. लिहिले आहेत.

बुधवारचा अभ्यास आता दुसऱ्या पत्रावर आला आहे. तुमच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही म्हणून पुढच्या आठवड्यापासून तो आमच्याकडे, खालच्या खोलीत ठेवला आहे. साडेपाचला भाऊ रिक्षा घेऊन येईल. तुमची बायबलची वही विसरू नका, पाचव्या अध्यायावरचं तुमचं टिपण सगळ्याजणींना उतरवून घ्यायचं आहे.

प्रभूमध्ये तुमची,
शब्बाथशाळेतली एक जुनी विद्यार्थिनी